फसली सन १३२९ चा एक कायदा



जमिनीचे जुने कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना फसली सन म्हणजे काय हे सांगायला नको. आपला धाराशिव जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या दप्तरात साल लिहिले जाई ते फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा कितीतरी तरुणांनी ही बेरीज आयुष्यात प्रथमच केली. गावात कोणी मोडी किंवा उर्दू वाचणारा म्हातारा उरला असेल तर त्याचा भाव एकदम वधारला. आज मी अशाच एका फसली सालाची हकीकत सांगणार आहे. साल १३२९, म्हणजे इसवी सन १९१९. मात्र हा कागद जमिनीचा नाही, माणसांचा आहे.

तो आठवायला कारण झाले एक भांडण.

कळंब तालुक्यातल्या एका गावी १४ एप्रिलला जयंतीनिमित्त बोलायला गेलो होतो. माझ्याआधी गावचाच एक मुलगा बोलला. पुण्यात शिकतो, वाचन चांगले. बोलता बोलता तो म्हणाला, "बाबासाहेबांनी अस्पृश्यतेशी जो लढा दिला तोच लढा आज समलिंगी माणसं देताहेत. दोन्ही लढे एकच आहेत." समलिंगी म्हणजे ज्या पुरुषाच्या मनाची ओढ पुरुषाकडे किंवा ज्या स्त्रीच्या मनाची ओढ स्त्रीकडे असते, असे लोक. मंडपात कुजबुज झाली, कोणी हसले, कार्यक्रम पुढे गेला. पण नंतर चहाच्या वेळी पारावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ त्या मुलापुढे येऊन उभे राहिले. समाजाने कैकाडी. वडिलांचे बालपण सोलापूरच्या सेटलमेंटात, तारेच्या कुंपणाआड गेलेले.

"लेकरा," ते म्हणाले, "माझ्या बापाला रोज हजेरी द्यावी लागायची. बाहेर जायचं तर पास लागायचा. तुझ्या त्या लोकांना कोणी कुंपणात कोंडलं होतं? पोटाच्या गोष्टी अन् चैनीच्या गोष्टी एका तराजूत घालतोस व्हय?"

मुलगाही गप्प बसणारा नव्हता. "आबा, दुःखाला काय जात असते?"

"असते," आबा म्हणाले. "आमच्या दुःखाला होती."

मग काय, भांडण पेटले. कोणी म्हणाले, हे शहरातले खूळ आहे. कोणी म्हणाले, बाबासाहेबांच्या नावावर वाटेल ते खपवू नका. एक शिक्षिका हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या वर्गात एक मुलगा आहे. बाकीची पोरं त्याला बायल्या म्हणून छळतात. दोन महिने झाले, शाळेत आलेला नाही. त्याचं काय करायचं ते सांगा ना कोणी." त्यांचे बोलणे कोणी ऐकलेच नाही. मोठ्यांच्या वादात हे असे होते खरे.

मलाही त्या वेळी नीट उत्तर सुचले नाही. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला ही गोष्ट फार लागते. घरी येऊन पुस्तके आणि कागद काढून बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, आपले दुःख दुसऱ्याच्या दुःखाशेजारी ठेवून पाहण्याची चाल आपल्या महाराष्ट्रात नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापले, ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. खुद्द बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे पुढारी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. तिकडच्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. आपल्या अस्पृश्यांनीही तसे करावे या विचाराने त्यांनी त्या अर्जाची प्रत मागितली. पुढे १९७२ साली मुंबईत तरुण कवी-लेखकांनी दलित पँथर काढली, तिचे नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. तेव्हा तुलनाच करू नका, असे आपल्याला म्हणता येणार नाही. तुलनेवरच आपण वाढलो.

पण तुलना मागणाऱ्याने केली तर एक, आणि आपल्यावर कोणी लादली तर दुसरी. अमेरिकेतही हेच भांडण चांगले तापले. तिथे समलिंगी लोक आपल्या हक्कांसाठी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीचा दाखला देऊ लागले, तेव्हा काही काळे धर्मोपदेशक रागावले. आम्हांला साखळदंडांत विकले, कातडीचा रंग लपवता येत नाही, तुमचे लपते, असे त्यांचे म्हणणे. दुसरी बाजू एक नाव पुढे करी: बायर्ड रस्टिन. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला अडीच लाख लोकांचा मोर्चा निघाला, ज्यात किंग यांचे गाजलेले भाषण झाले, त्या मोर्च्याची सगळी जुळवाजुळव या काळ्या गृहस्थाची. गांधीजींच्या मार्गाचा अभ्यासक, हिंदुस्थानात येऊन गेलेला. तो समलिंगी होता. म्हणून चळवळीतल्याच लोकांनी त्याला वर्षानुवर्षे पडद्याआड ठेवले, आणि विरोधकांनी मोर्च्याच्या तोंडावर सिनेटमध्ये त्याचे नाव घेऊन चिखल उडवला. दोन लढे वेगळे की एक, हे कुणी रस्टिनला विचारले असते तर तो काय म्हणाला असता? त्याला तर दोन्हीकडून मार बसत होता.

आता आपल्या घरातली गोष्ट. 'बाबासाहेबांचे नाव यात कशाला?' असे पारावर जे विचारत होते त्यांच्यासाठी.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतो म्हणून लोकांनी त्यांना जवळजवळ वाळीत टाकले होते. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक काढीत. त्यात वाचक प्रश्न विचारीत आणि कर्वे सरळ उत्तरे देत. लाजेने वैद्यालाही जे विचारता येत नाही असे ते प्रश्न. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही होते. १९३४ साली या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबईच्या न्यायालयात त्यांच्या बाजूने बॅरिस्टर म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या युक्तिवादाचा रोख असा की, लैंगिक विषयावर प्रश्नोत्तरे छापली म्हणजे ती अश्लील ठरत नाहीत. रोगी मनाच्याच माणसाला ती तशी वाटतील. समलिंगी ओढीविषयी त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या ग्रंथांचा आधार दिला. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

ही १९३४ ची गोष्ट. महाडचे चवदार तळे सात वर्षांमागचे, काळाराम मंदिराचा सत्याग्रह अगदी ताजा. ज्या माणसाच्या डोक्यावर स्वतःच्या समाजाचा एवढा भार होता, त्याने एका बदनाम मासिकाचे वकीलपत्र घ्यावे हे लहान नाही. मात्र त्यातून 'दोन्ही लढे एकच' असे बाबासाहेब म्हणाले, असे कोणी ठरवू नये. ते वकील म्हणून उभे राहिले बोलण्याच्या हक्कासाठी. आहे तेवढेच सांगावे; तेही पुष्कळ आहे.

सात वर्षांनी, फेब्रुवारी १९४१ मध्ये, ते आपल्या भागात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. प्रश्न वतनाचा. वतन हा शब्द गोड लागतो, पण महार-मांगांना वतन म्हणजे पिढ्यान् पिढ्या बांधलेली चाकरी: बाप सरकारी निरोप पोचवी, मेलेली ढोरे ओढी, म्हणून मुलानेही तेच करायचे. आबा पारावर बोलत होते ते याच जन्माच्या बांधणीविषयी. पाळण्यात असतानाच माणसाचे काम, घर, पाणवठा आणि मसणवट ठरून जाई. समलिंगी ओढीचा मुलगा पाटलाच्या वाड्यात जन्मू शकतो. त्याच्या नावावर सातबारा असतो, विहिरीवर त्याला कोणी अडवीत नाही. हा फरक लपवून तुलना करणारा तरुण आबांचा अपमानच करतो. मनात नसले तरी करतो.

मग कुंपणाचे काय? 'तुझ्या त्या लोकांना कोणी कुंपणात कोंडलं होतं?' या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी त्या फसली कागदापाशी आलो.

इंग्रज सरकारने १८७१ साली २७ क्रमांकाचा कायदा केला. शाळेत आपण त्याला 'गुन्हेगार जमाती कायदा' म्हणून शिकवतो. त्याचे पुरते नाव फार थोडे लोक वाचतात. ते असे: गुन्हेगार जमाती आणि हिजडे यांच्या नोंदणीसाठी कायदा. एकच कायदा, भाग दोन. पहिल्या भागात अख्ख्या जमातींची नोंद: हजेरी, पास, ठरवून दिलेल्या जागी राहणे. दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंद. आरंभी तो उत्तरेकडच्या प्रांतांपुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने जमातींचा फास मुंबई इलाख्यातही आला, आणि सोलापूरच्या सेटलमेंटचे कुंपण ते त्याचेच.

निजाम सरकारने दुसऱ्या भागाचा साचा उचलला आणि फसली १३२९ मध्ये स्वतःचा हिजड्यांविषयीचा कायदा केला. हैदराबाद शहरात आणि सरकार ठरवील त्या इतर ठिकाणी राहणाऱ्या अशा लोकांची नोंदवही ठेवायची. वहीत नाव कोणाचे? ज्याच्यावर मुले पळवल्याचा किंवा 'अनैसर्गिक' कृत्य केल्याचा संशय आहे त्याचे. संशय, श्रोतेहो; गुन्हा शाबीत व्हायला नको. एकदा नाव चढले की त्या माणसाने रस्त्यावर बाईची वस्त्रे नेसली, दागिने घातले, गाणे म्हटले किंवा नाचला, तर वॉरंटावाचून अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालचा मुलगा जवळ ठेवला तरी तीच गत.

आता तुळजापूरच्या वाटेवरची माणसे डोळ्यांपुढे आणा. परडी घेऊन जोगवा मागणारे आराधी, त्यांत लुगडे नेसणारे पुरुषही असतात; आपण त्यांच्या परडीत पीठ-मीठ घालतो, पाया पडतो. देवीच्या दारी जे पुण्य, तेच सरकारच्या वहीत नाव असलेल्याने केले तर कैद.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण शिक्षकमंडळीही यात घोटाळा करतात. तृतीयपंथी आणि समलिंगी हे एक नव्हेत. तृतीयपंथी माणसाचा प्रश्न 'मी कोण' हा असतो, समलिंगी माणसाचा 'माझे मन कोणाकडे' हा. पण सरकारने दोघांना एकाच खुंटीला बांधले. ती खुंटी म्हणजे १८६० च्या इंडियन पिनल कोडचे ३७७ कलम. 'निसर्गाविरुद्ध' संबंध हा त्यात गुन्हा ठरवला, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. आणि १८७१ च्या कायद्यात याच कलमाचा संशय हे वहीत नाव घालण्याचे एक कारण झाले.

कैकाडी, पारधी, पाथरुट यांच्यावरचा पहिला भाग ३१ ऑगस्ट १९५२ रोजी सुटला. विमुक्तांची मंडळी तो दिवस पाळतात. कायदा सुटला तरी पोलिसांची नजर सुटली नाही, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त वाचावे. १९८८ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक त्याला मिळाले. लेखक धनेगावचे, आणि लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा होईपर्यंत ते गाव आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. दुसऱ्या भागाची नक्कल मात्र तशीच पडून राहिली. १९५६ साली राज्यांची फेररचना होऊन मराठवाडा हैदराबादेपासून निघाला; तेलंगणच्या कागदावर तो फसली १३२९ चा कायदा पुढेही नांदत होता. तेलंगण उच्च न्यायालयाने तो रद्द केला ६ जुलै २०२३ रोजी. मध्ये एकाहत्तर वर्षे गेली.

३७७ कलमाची कथा थोडक्यात सांगतो, ती वर्तमानपत्रांतून पुष्कळ आली आहे. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या राजीखुशीच्या खासगी संबंधांना हे कलम लागू नाही असा निकाल दिला. त्या पीठाचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे आपल्या शेजारच्या सोलापूरचे. निकालाचा एक कणा बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतल्या भाषणातला होता. तिथे त्यांनी सांगितले होते की, संविधानाची नीती ही आपोआप येत नाही, ती अंगी बाणवावी लागते. गावाची नीती वेगळी, संविधानाची वेगळी. दोहोंत भांडण झाले तर न्यायालय कोणाकडे पाहील, हा मुद्दा. अस्पृश्यता गावाच्या नीतीत बसतच होती ना? ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. असे लोक मूठभरच आहेत, हे त्यातले एक कारण. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी पुन्हा २००९ ची बाजू उचलली. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी तर इतिहासाने या लोकांची माफी मागायला हवी अशा अर्थाचे लिहिले. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क मात्र नाकारला गेला. मागणी होती १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न नोंदवण्याची, म्हणजे परजातीत, परधर्मात लग्न करणाऱ्या आपल्या मुलामुलींना ज्याचा आसरा मिळतो त्याच कायद्याखाली.

त्या खटल्यात केंद्र सरकारने ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे असे म्हटले होते. आपल्या पारावरही तेच ऐकले. यावर दोन गावांची नावे घ्यावीशी वाटतात. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळच्या लोकांनी २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केले. जळगाव जिल्ह्यात भादलीच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला स्त्रियांच्या राखीव जागेवर अर्ज भरला, तो तृतीयपंथी म्हणून फेटाळला गेला. मग उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, ज्याच्याकडे आपल्याही जिल्ह्याचे दावे जातात, जानेवारी २०२१ मध्ये तो ग्राह्य धरला, आणि त्याच महिन्यात त्या निवडून आल्या. ही शहरे नव्हेत.

राखीव जागांवरून मात्र खरा पेच पडतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मागासवर्ग मानून आरक्षण द्या असे सांगितले. आता मातंग समाजात जन्मलेली तृतीयपंथी व्यक्ती कोणत्या रांगेत उभी राहणार? जातीच्या रांगेत राहिली तर तृतीयपंथी म्हणून काही नाही. मागासवर्गाच्या नव्या रांगेत गेली तर अनुसूचित जातीचा हक्क सोडायचा. उमरग्यापलीकडे कर्नाटकाने २०२१ साली यावर तोड काढली: प्रत्येक प्रवर्गाच्या आतच तृतीयपंथीयांना एक टक्का, म्हणजे समांतर आरक्षण. हा हिशेब मला पटतो. 'दोन्ही एकच' म्हणणाऱ्यालाही आणि 'दोहोंचा संबंध नाही' म्हणणाऱ्यालाही हा पेच सुटत नाही, कारण दोघांनाही वाटते की इकडची माणसे वेगळी आणि तिकडची वेगळी.

पुढच्या महिन्यात पुन्हा त्या गावी गेलो. आबा घरीच होते. १८७१ च्या कायद्याचे पुरते नाव मराठीत लिहून नेले होते, ते वाचून दाखवले. फसली १३२९ ची कलमेही वाचली. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले.

"म्हणजे आमचा बाप पहिल्या पानावर, अन् ही माणसं दुसऱ्या पानावर?"

मी म्हटले, "हो. पुस्तक एकच."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तरी त्या पोराला सांगा गुरुजी, एकच म्हणू नको म्हणावं. माझा बाप हजेरी देऊन यायचा तवा आजी दार उघडून भाकरी वाढायची. वहीत सगळ्यांचंच नाव, मग लाज कोणाची? ह्यांना तर घरचेच दाराबाहेर काढतात म्हणं."

मी काही बोललो नाही. आबांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"त्या बाईंच्या वर्गातलं ते पोरगं," त्यांनी विचारले, "कोणाचं हाय?"

मला ठाऊक नव्हते. बाईंना विचारावे लागेल, म्हटले. आबा उठले आणि चपला शोधू लागले.